नौपाड्यातलं रुग्णसाहित्य केंद्र: वॉकर आणायला गेले, तेव्हा काय काय मिळालं

घरात कुणी पडलं, कुणाचं ऑपरेशन झालं, कुणी अंथरुणाला खिळलं, की वॉकर, कमोड खुर्ची, व्हीलचेअर अशा वस्तू एकदम दारात उभ्या लागतात. विकत घ्यायच्या तर महागात पडतात आणि पुढे माळ्यावर धूळ खातात. ठाण्यात या वस्तू डिपॉझिटवर वापरायला देणारी केंद्रं आहेत. त्यातल्या नौपाड्यातल्या एका केंद्राचा अनुभव लिहितेय. नाव मुद्दाम देत नाही, कारण तिथल्या काकांनीच तशी विनंती केली. जागा दोन खोल्यांची, वस्तू मोजक्या. एकदम गर्दी झाली तर लोकांना रिकाम्या हाती पाठवावं लागतं आणि ते त्यांना फार लागतं. पण गोखले रोडच्या आसपास कुठल्याही मेडिकलमध्ये विचारलंत तर माणूस बोट करून दाखवेल. मलाही तसंच सापडलं.

आधी थोडक्यात मत सांगते: डोळे मिटून जा. वस्तू चांगल्या आहेत, पैसे नाममात्र आहेत, आणि तिथली माणसं आपल्या पेशंटचा विचार आपल्याहून दोन पावलं पुढे जाऊन करतात. उणिवाही आहेत, त्या पुढे लिहिल्या आहेत.

मी कोपरीत राहते, घरीच शिलाईकाम करते. सासूबाई न्हाणीघरात घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. या वयात हे हाड मोडलं की बहुतेकदा ऑपरेशनच करावं लागतं. हल्ली ऑपरेशननंतर पेशंटला झोपवून ठेवत नाहीत, एक-दोन दिवसांत वॉकर धरून उभं करतात. डॉक्टरांनी सांगितलं की घरी सोडू तेव्हा वॉकर आणि उंच कमोड तयार ठेवा. खाली उकिडवं बसायचं नाही, पायावर पाय टाकायचा नाही, बुटक्या स्टुलावर बसायचं नाही. आमची बिल्डिंग जुनी, संडास देशी पद्धतीचा. म्हणजे कमोड खुर्चीशिवाय सोय नव्हती.

केंद्र संध्याकाळी पाचच्या सुमाराला उघडतं. बाहेर छोटा बोर्ड, आत टेबल, टेबलावर जाडजूड रजिस्टर आणि पावतीपुस्तक. मागच्या खोलीत भिंतीला टेकवून घडी केलेल्या व्हीलचेअर, खुंटीला कुबड्या, कोपऱ्यात सलाइनचे स्टँड, मांडणीवर बेडपॅन, युरिन पॉट आणि पाठीला लावायचे बॅकरेस्ट. सगळ्यावर रंगाने नंबर टाकलेले. फिनेलचा वास येतो, आणि तो आला की बरं वाटतं, कारण वस्तू पुसून ठेवलेल्या आहेत हे कळतं. बसणारे सगळे निवृत्त. कुणी बँकेत होते, कुणी शाळेत शिकवत होत्या. पगार कुणालाच नाही.

मी म्हटलं, "काका, एक वॉकर आणि एक कमोड खुर्ची हवी होती." मला वाटलं, आधार कार्ड मागतील. काकांनी विचारलं, "पेशंटची उंची किती, ताई? तुमच्या खांद्याला लागतात का? वजन अंदाजे? ऑपरेशन कोणत्या बाजूचं? संडासाचा दरवाजा किती इंच?"

दरवाजाचं माप कुणाला पाठ असतं? मी मुलाला फोन लावला आणि मशीनच्या ड्रॉवरमधली टेप घेऊन माप सांगायला लावलं. दरवाजा निघाला बावीस इंचांचा. काकांनी आधी काढून ठेवलेली चाकांची खुर्ची परत आत नेली आणि बिनचाकांची, अरुंद खुर्ची आणली. म्हणाले, "ती आत शिरली नसती. तुम्ही घरी नेली असती, दारात अडकली असती, आणि आजी तोवर ताटकळत उभ्या राहिल्या असत्या." त्या एका प्रश्नाने किती त्रास वाचला, हे ज्याने पेशंटला संडासाला नेलंय त्यालाच कळेल.

वॉकरची उंची कशी ठेवायची तेही तिथेच दाखवलं. पेशंटला चपला घालून सरळ उभं करायचं, हात खाली मोकळे सोडायला लावायचे, आणि मनगटाची घडी जिथे येते तिथे वॉकरची मूठ यायला हवी. मूठ धरल्यावर कोपर किंचित वाकलेलं राहिलं म्हणजे माप बरोबर. चारी पायांची बटणं दाबून भोकं सारखी मोजायची, नाहीतर वॉकर डुलतो. आधी वॉकर पुढे, मग ऑपरेशनचा पाय, मग चांगला पाय. हे सगळं हॉस्पिटलमध्येही सांगतात, पण तिथे डिस्चार्जच्या गडबडीत बिल, औषधं, रिक्षा यात कानाबाहेर जातं. इथे केंद्रातल्या काकू स्वतः वॉकर धरून खोलीभर चालून दाखवत होत्या.

आता पैशांचं. वॉकरला पाचशे आणि खुर्चीला हजार रुपये डिपॉझिट घेतलं, वस्तू परत केली की ते परत मिळतं. वर महिन्याचं शुल्क आहे, पण ते इतकं थोडं की त्यात वस्तू धुण्यापुसण्याचा खर्च जेमतेम निघत असेल. ओळखपत्राची झेरॉक्स आणि डॉक्टरांच्या कागदाची झेरॉक्स न्यावी. पावती हाताने लिहिलेली मिळते. ती जपून ठेवा, डिपॉझिट तिच्यावरच परत मिळतं.

मला सगळ्यात जास्त ज्याबद्दल लिहायचंय ती गोष्ट घरी आल्यावर दिसली.

वॉकरच्या दोन्ही मुठींवर कापडी खोळी होत्या. मी रोज कापड हाताळते, त्यामुळे हात आधी तिथेच गेला. वरचं कापड जुन्या सुती साडीच्या काठाजवळचं, धुऊन धुऊन मऊ झालेलं. आत बनियनच्या कापडाच्या दोन-तीन घड्यांचं अस्तर. सगळी हातशिलाई, बारीक तुरपाई, टाके एकसारखे. आणि शिवण बाहेरच्या बाजूला, खालच्या अंगाला ठेवलेली. खोळ शिवताना शिवण आत लपवायची असते, तशीच ती चांगली दिसते. इथे ती जाणूनबुजून बाहेर काढली होती, कारण आत असती तर तळव्याला टोचली असती. वॉकरवर सगळा भार तळव्यावर येतो आणि म्हाताऱ्या माणसाची कातडी पातळ असते. शिवणाऱ्या बाईने हे कुणाच्या तरी तळव्यावरचे वळ बघून ओळखलं असणार. काढून धुता यावी म्हणून प्रत्येक खोळीला दोन टिचबटणं लावली होती.

ही बाई कोण, कुठली, कुणासाठी शिवली, मला माहीत नाही. वॉकर परत करताना ती खोळी काढून घेऊ शकली असती, पण तिने त्या राहू दिल्या.

सासूबाईंनी पहिल्या दिवशी मूठ धरली आणि विचारलं, "हे तू शिवलंस का गं?" मी नाही म्हटलं. त्या थोडा वेळ काठावरून अंगठा फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "माहेरवाशिणीचं काम दिसतंय. आईसाठी केलेलं." त्यांनी हे कशावरून ताडलं कोण जाणे. पण त्या दिवसापासून उभं राहायला कुरकुर कमी झाली, हे मात्र मी डोळ्यांनी पाहिलं.

पुढे त्यांच्या माकडहाडाजवळ कातडी लाल दिसायला लागली. दुखतं म्हणून कूस बदलायला तयार नसायच्या. बोटाने दाबून सोडल्यावरही लाली जात नसेल तर ती शय्याव्रणाची, म्हणजे पडून पडून होणाऱ्या जखमेची, सुरुवात समजायची, असं डॉक्टरांनी सांगितलं. दर दोन तासांनी कूस बदला आणि एअर बेड आणा. पुन्हा केंद्र गाठलं. एअर बेड म्हणजे प्लॅस्टिकची हवेची गादी आणि तिला जोडलेला छोटा विजेचा पंप. पंप काही नळ्या भरतो, काही सोडतो, मग थोड्या वेळाने उलट करतो. त्यामुळे शरीराच्या एकाच जागेवर सतत दाब राहत नाही. तरी कूस बदलावीच लागते, गादी आणली म्हणून ते काम सुटत नाही. काकूंनी हे दोनदा बजावलं.

त्या पंपाच्या पाठीला कागद चिकटवला होता, वर पारदर्शक टेप. बॉलपेनने लिहिलेलं, अक्षर शाळकरी पोराचं वाटावं इतकं सुबक:

"गादीवर जाड चादर किंवा गोधडी घालू नये, उपयोग राहत नाही. एकच पातळ चादर. पंप पलंगाला टांगला की लाकूड गुणगुणतं, मध्ये नॅपकिनची घडी घालावी म्हणजे पेशंटला झोप लागते. वायर पायाकडून न्यावी. लाइट गेल्यास नळी पंपातून काढून तिचं तोंड घट्ट दाबून धरावं म्हणजे हवा लवकर जात नाही."

नॅपकिनची घडी घातली आणि रात्रीचा आवाज खरंच बंद झाला. कुणीतरी अशाच रात्री जागून, अंधारात आवाज कुठून येतो ते शोधून, उपाय करून पाहिला असेल. आणि मग वस्तू परत देताना, जेव्हा घरात बहुधा बरं काही झालेलं नव्हतं, तेव्हाही पुढच्या माणसासाठी हा कागद लिहून चिकटवला. कंपनीच्या छापील माहितीपत्रकात यातलं नॅपकिनचं वाक्य कधी येणार नाही.

या वस्तू कुठून येतात ते काकूंनी सांगितलं. काही देणग्यांतून विकत घेतलेल्या. ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरांपैकी बरेच २०२१ च्या कोरोनाच्या लाटेत घराघरांत घेतलेले, नंतर आणून दिलेले. पण पुष्कळशा वस्तू घरातलं माणूस गेल्यावर येतात. तेराव्यानंतर मुलगा किंवा सून येते, टेम्पोतून पलंग उतरवते, पावतीही नको म्हणते. त्यांना पाणी देऊन थोडा वेळ बसू द्यायचं, हा इथला नियम. वस्तू मोडकी आहे का, हे त्यांच्यासमोर तपासायचं नाही. ते गेल्यावर बघायचं.

काही घरांत लोक अशी वस्तू घ्यायला कचरतात. गेलेल्या माणसाचा पलंग आपल्या माणसाला कसा द्यायचा, हा प्रश्न मनात येतो आणि त्यात चुकीचं काही नाही. म्हणून केंद्रात वस्तू कुणाची होती, तो पेशंट बरा झाला की गेला, हे कधीच सांगत नाहीत. देणाऱ्यालाही ती कुणाकडे गेली ते कळत नाही. रजिस्टरमध्ये फक्त नंबर. मला ही पद्धत फार आवडली. घेणाऱ्याच्या डोक्यावर उपकाराचं ओझं नाही आणि देणाऱ्याला पुन्हा पुन्हा आठवण नाही.

एअर बेड न्यायला गेले होते तेव्हाचा प्रसंग सांगते, कारण केंद्र कसं चालतं ते त्यावरून कळेल. माझ्या पुढे पंचविशीतला मुलगा उभा होता, कळव्याहून आलेला. वडिलांना घरी ऑक्सिजन लावायला सांगितलं होतं. कॉन्सन्ट्रेटर महागडं मशीन, खोलीतली हवा ओढून त्यातला नायट्रोजन अडवतं आणि ऑक्सिजन पुढे देतं. सिलिंडर भरायची कटकट नाही, पण डिपॉझिट त्यामुळेच जास्त. त्याच्याकडे ते पूर्ण नव्हतं. तो हळू आवाजात विचारत होता, "अर्धे आज चालतील का? बाकीचे पगार झाला की." काका रजिस्टर चाळत होते. सवलत द्यायची म्हटलं तर त्यांनाही आधी दोन माणसांना फोन करावा लागतो.

बाजूच्या बाकावर एक बाई बसल्या होत्या. साध्या कॉटनच्या साडीत, हातात पिशवी. व्हीलचेअर परत करायला आलेल्या आणि डिपॉझिटची वाट बघत होत्या. त्या उठल्या, टेबलाशी आल्या आणि काकांना एवढंच म्हणाल्या, "माझे परत नका देऊ. तिकडे लावा." मुलाकडे त्यांनी पाहिलंही नाही. पाहिलं असतं तर त्याला मान खाली घालावी लागली असती. तो काही बोलायच्या आत त्या दारात चपला घालत होत्या.

मुलगा त्यांच्यामागे निघाला. "ताई, नंबर द्या, मी परत करतो." त्या वळून म्हणाल्या, "मला नको. इथेच दे, तुझं काम झालं की." आणि गल्लीत गेल्यासुद्धा.

काकांनी पावती केली. तिच्यावर "डिपॉझिट पूर्ण जमा" एवढंच लिहिलं, कुणी किती भरले त्याचा उल्लेख नाही. मग मशीन टेबलावर घेऊन प्लग लावला, खालची फिल्टरची जाळी काढून दाखवली, आठवड्याला धुवायची, पूर्ण सुकल्याशिवाय बसवायची नाही. डॉक्टरांनी लिटरचा आकडा लिहून दिलाय त्याच्यावर काटा ठेवायचा, बरं वाटत नाही म्हणून आपल्या मनाने वाढवायचा नाही. मशीनजवळ उदबत्ती, निरांजन, विडी काहीही नको. घरी लाइट जाते का? मग एक भरलेला सिलिंडर हाताशी असू दे. मुलगा फोनवर सगळं रेकॉर्ड करून घेत होता. पाच मिनिटांपूर्वीची लाज त्याच्या चेहऱ्यावरून गेली होती, तो आता फक्त वडिलांचा विचार करत होता. मी माझा नंबर येईपर्यंत हे बघत होते आणि कुणाशी काही बोलावंसं वाटेना.

आता उणिवा. वेळ फार कमी आहे, संध्याकाळचे अडीच-तीन तास. दुपारी डिस्चार्ज मिळाला तर आधी बेत करूनच जावं. घरपोच सेवा नाही. वॉकर, खुर्ची रिक्षात मावते, पण फाऊलर बेड, म्हणजे डोक्याकडून-पायाकडून वर करता येणारा हॉस्पिटलसारखा पलंग, न्यायचा तर टेम्पो आणि दोन माणसं आपली आपण बघायची. दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावर लिफ्ट नसेल तर बेडचे दोन भाग सुटे होतात का, ते आधी विचारा. व्हीलचेअर घेताना दोन्ही ब्रेक स्वतः लावून बघा. मी पाहिली त्यातल्या एकीचा डावा ब्रेक सैल होता. सांगितल्यावर लगेच बाजूला काढली, पण उघडण्याआधीच ते तपासलं जायला हवं. केंद्राच्या दारात एक उंच पायरी आहे. गुडघे दुखणारी माणसंच जिथे जास्त येतात तिथे एक उतार नक्की करता येईल. मी हे काकांना बोलले, त्यांनी वहीत लिहून घेतलं. आणि एअर बेड नेहमी मिळेलच असं नाही, जास्त मागणी त्यालाच असते.

भाड्याने देणाऱ्या दुकानांशी तुलना केली तर दुकानं वस्तू घरी आणून देतात, वेळही लांब असते, त्याचे पैसे घेतात आणि ते रास्तच आहे. घाई असेल, माणूसबळ नसेल, तर तिकडे जा. बाकी वेळी इथे.

सासूबाई आता काठी घेऊन चालतात. जिन्याला अजून मी सोबत असते. वॉकर परत करायच्या आधी खोळी उकलून धुतल्या. एकीचं अस्तर चेपून गेलं होतं, ते नवं घातलं, पण वरचं कापड आणि बाहेरची शिवण तशीच ठेवली. कमोड खुर्चीच्या पाठीचं रेक्झिन फाटायला आलं होतं, तेही बदलून दिलं. काकूंनी ते बघितलं आणि आतून आणखी पाच वॉकर बाहेर आणून ठेवले, म्हणाल्या, "यांना पण शिवाल का हो? कापड आम्ही देतो." कापड मी घरचंच वापरतेय. सासूबाईंनी त्यांच्या दोन जुन्या सुती साड्या काढून दिल्या. नव्या कापडाची खोळ घसरते, धुतलेल्या कापडाची हाताला धरून राहते, हे त्यांचं म्हणणं, आणि ते बरोबर आहे.

सध्या केंद्राला काय हवंय ते विचारून आले. एअर बेडचे पंप, बिनचाकांच्या अरुंद कमोड खुर्च्या आणि लहान मुलांच्या मापाच्या कुबड्या. मोठ्या मापाचे वॉकर भरपूर आहेत. वस्तू द्यायची असेल तर सुटे स्क्रू, वायर आणि नळ्या एका पिशवीत घालून वस्तूलाच बांधा, नाहीतर त्या वेगळ्या पडतात आणि वस्तू निकामी होते. पंप चालू करून बघा. वॉकरच्या पायांचे रबरी बूट झिजले असतील तर मेडिकलमध्ये किंवा सर्जिकलच्या दुकानात नवे मिळतात, चारही एकदम बदलून मगच द्या. झिजलेला एक बूटसुद्धा ओल्या फरशीवर घसरतो.